एकाच फोटोवर विकलेला हाली रुपया

मी एक हाली रुपया. वजन तोळ्याला थोडं कमी, तोंड मात्र फटकळ. चांदीचा असलो म्हणून गोडच बोलीन असं नाही.

हाली म्हणजे निजामाच्या राज्यातला शिक्का. माझ्या छातीवर चारमिनार आहे. मधे कमान, कमानीत एक अक्षर, ज्याचं राज्य त्याच्या नावातलं पहिलं. बाजूला फारसी आकड्यांत हिजरी साल, तेराशे सदतीस. हे साल ध्यानात ठेवा. सगळी भानगड त्यावरून झाली.

जन्म हैदराबादच्या टांकसाळीतला. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची चकती आणि दणका. झालं बाळंतपण. त्याच दिवशी हजारो भाऊ जन्मले. आम्हाला पोत्यात भरलं आणि पोतं गाडीत टाकलं.

सिरसाळ्याच्या बाजारात एका एडक्याच्या बदल्यात मी म्हाळू धनगराच्या हातात पडलो. म्हाळूला सही करता येत नव्हती. पण त्यानं मला घ्यायच्या आधी दगडावर आपटून आवाज ऐकला, दाताखाली धरलं, दुसऱ्या रुपयाशी घासून बघितलं, शेजारच्याला दाखवलं आणि मगच कनवटीला लावलं. एवढ्या वेळात व्यापारी दोनदा वैतागला. म्हाळूनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, मला ओव्याच्या पुरचुंडीत बांधलं. मेंढरांच्या मागं मी गावोगाव फिरलो. लोकरीचा वास, चुलीचा धूर, घाम. हळूहळू काळा पडलो. माणसांना वाटतं, चांदी काळी पडली म्हणजे मळली. अहो, तो मळ नव्हे. दुधावर जशी साय धरते तशी चांदीवर वयाची साय धरते. एकदा काढली की पुन्हा तेवढीच वर्षं जावी लागतात. जुनी नाणी जमवणारा जाणकार खरे पैसे मोजतो ते या सायीचे.

पुढं निजाम गेला, हाली बंद झाला. म्हाळूच्या घरच्यांनी मला माजलगावच्या एका सराफाला वजनावर घातलं. सराफानं माझ्या भावांना मुशीत वितळवून त्यांच्या तोरड्या केल्या. मी वाचलो, कारण दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी जुना रुपया मागणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडं यायची, आणि त्यांच्यासाठी त्यानं एक थैली बाजूला ठेवली होती. लोक चकचकीत रुपया निवडून न्यायचे. काळे आम्ही तळाला राहायचो. रंगानं वाचवलेला मी बहुधा पहिलाच असेन.

थैलीत पन्नासेक वर्षं गेली. सराफ वारला. पोरांनी दुकान मोडायला काढलं आणि थैली जशीच्या तशी तराजूत टाकून विकली. आम्ही त्रेचाळीस होतो. घेणारा होता शहादेव.

आता नीट ऐका.

शहादेवचं माजलगावात बाजारतळाजवळ मोबाइलचं दुकान. रिचार्ज, कव्हर, दुरुस्ती. साल दोन हजार सात. घरोघर मोबाइल आला होता आणि घरोघर बारा-बारा तास लाइट नसायची. शहादेवकडं एक कॉम्प्युटर होता आणि टेलिफोनच्या वायरीवरचं इंटरनेट. लोक जुन्या वस्तू इंटरनेटवरच्या बाजारात विकतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं. त्यानं त्या साइटवर दुकान उघडलं. नाव ठेवलं, रॉयल निजाम कॉइन्स, हैदराबाद. हैदराबादला तो आयुष्यात एकदा गेला होता, मावसभावाच्या लग्नाला.

थैलीतून त्यानं एक रुपया उचलला. आमच्यातला सगळ्यात जुना तो, हिजरी तेराशे तीसचा. त्या निजामाच्या सुरुवातीच्या काही रुपयांवर कमानीतलं अक्षर अर्धंच उमटलंय. आमच्यात तो एकटाच तसा होता. अर्ध्या अक्षराचा रुपया म्हटलं की जमवणाऱ्यांचे कान टवकारतात. शहादेवला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. वर होता म्हणून उचलला. फोटो मात्र झकास आला.

तो रुपया पहिल्याच आठवड्यात नागपूरला गेला. फोटो राहिला. शहादेवनं विचार केला, सगळे एकसारखेच तर दिसतात, त्रेचाळीस वेळा फोटो कोण काढणार? माणूस गेल्यावर त्याचा फोटो भिंतीवर राहतो, हे मी पाहिलं होतं. त्या फोटोवर बाकीच्या भावकीला विकतात, हे पहिल्यांदाच पाहिलं.

फोटोखालचा मजकूरही त्यानं दुसऱ्या कुणाचा तरी उचलला होता. अत्यंत दुर्मिळ, अप्रतिम अवस्था, मागचा डिंक शाबूत. ते पोस्टाच्या तिकिटाचं वर्णन होतं. रुपयाला डिंक कुठला? पण ते वाचायचं कुणी? शहादेवनं वाचलं नाही, आणि त्याच्याकडून घेणाऱ्यांनीही नाही.

आम्हाला त्यानं बिस्किटांच्या डब्यात ठेवलं, मोबाइलच्या स्क्रूंबरोबर. डबा उघडताना तो एकदा हलवायचा. त्या हलवण्यात एका स्क्रूनं माझ्या डाव्या मिनारावर आडवा ओरखडा काढला. म्हाळूच्या कनवटीला, मेंढरांच्या मागं, पावसाचिखलात इतकी वर्षं गेली. तिथं मला एक चरा पडला नव्हता.

एक दिवस माझी विक्री झाली. शहादेवनं मला पुठ्ठ्यावर ठेवलं आणि चारमिनारावरून चिकटपट्टी मारली, एक आडवी, एक उभी. थेट अंगावर. मग पाकीट आठ दिवस काउंटरवर पडून राहिलं. साइटवर त्यानं पहिल्याच दिवशी लिहून टाकलं होतं, माल रवाना. पाकिटामागं त्यानं दुकानाचा शिक्का मारला तोही खरा, माजलगावचा. आपण हैदराबादचे आहोत हे तो तेवढ्यापुरतं विसरला असावा.

माझा घेणारा सिरसाळ्याचा होता. एस्टीनं तासाभराची वाट.

त्याचं नाव संगमेश्वर. वय एकवीस. अंबाजोगाईला डिप्लोमा करत होता, दुसऱ्या वर्षाला सोडून आला. सर लोक पिवळ्या पडलेल्या वहीतून लिहून देतात आणि ते लिहून घ्यायला वडलांचे पैसे जातात, असं त्यानं घरी सांगितलं. घरी कुणाला पटलं नाही. त्याचे वडील मल्लिनाथ आप्पा यांचं सिरसाळ्यात किराणा आणि बियाण्याचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, दुकानात पाटी: खरा माल, खरं वजन.

पोरानं कॉलेज सोडलं म्हणजे दुकानात बसावं, एवढं आप्पांचं साधं गणित. पोराला दुकान नको होतं. त्याला नाण्यांचा नाद होता. मशिदीसमोरच्या शिंप्याकडं बसून तो फारसी आकडे शिकला होता. साइटवरून तीन नाणी घेऊन तीन विकलीही होती, आणि तिन्ही गिऱ्हाइकांनी त्याच्या नावापुढं चांगला शेरा दिला होता. परळीला बद्रीनाथ सर म्हणून निवृत्त मास्तर होते. हाली रुपयांचा त्यांचा संच अर्ध्या अक्षराच्या एका रुपयावाचून अडला होता. सर म्हणाले होते, तो रुपया आण, लगेच घेतो, आणि माझ्याकडची दुबार नाणी तुला विकायला देतो. म्हणजे धंद्याला माल मिळाला.

आप्पांनी मुदत दिली. पाडव्यापर्यंत. तोवर हा व्यवहार जमला तर पोरानं त्याचं त्याचं बघावं, नाहीतर पाडव्यापासून गादीवर बसावं. पोरगं हो म्हणालं आणि होतं नव्हतं ते सगळं शहादेवच्या त्या अर्ध्या अक्षराच्या फोटोत घातलं.

मी पोचलो तो शुक्रवार. लक्ष्मीपूजनाला बरोबर एक आठवडा. संगमेश्वर परळीला सरांकडं गेलता. पोस्टमननं पाकीट दुकानात दिलं आणि आप्पांनी ते उघडलं. घरात आलेलं पाकीट घरातल्या मोठ्यानं उघडायचं, वर नाव कुणाचं का असेना, हा त्या पिढीचा कायदा. पोराचं पत्र आपण का वाचतो, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. आपलं कुणी वाचलं तर मात्र घर डोक्यावर घेतील.

आप्पांनी मला आत पाठवलं. शिवकांताबाई, म्हणजे संगमेश्वरची आई, हातावर घेऊन बघत राहिल्या. शुक्रवार, दिवाळीचे दिवस, आणि चांदी आपल्या पायानं उंबऱ्याच्या आत आलेली. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी मान्य करतो. पुढं जे झालं ते सगळं भक्तीतच झालं.

चिकटपट्टी सोलली तरी डिंक निघेना. म्हणून आधी रॉकेलचा बोळा. मग चिंच. मग चुलीतली राख. कोपऱ्यात काळं राहिलं म्हणून पांढरं दंतमंजन आणि जुना दात घासायचा ब्रश. लक्ष्मीला काळा रुपया कसा चालेल? बाई मनापासून घासत होत्या आणि माझी नव्वद वर्षं मोरीतून वाहून चालली होती. बायडाबाईच्या चुलीचा धूर गेला. थैलीतला अंधार गेला. पाच मिनिटांत मी कालच्या बाजारातली ताटली झालो. मग हळद, कुंकू, आणि देव्हाऱ्यात विड्याच्या पानावर मांडणी.

संध्याकाळी संगमेश्वर आला. पाकीट आल्याचं कळल्यावर चप्पल न काढताच आत आला, त्यावरून आधी बोलणी खाल्ली. मग देव्हाऱ्याकडं त्याचं लक्ष गेलं.

"आई, हे कुणी केलं?"

"मीच. बघ की कसा झळकतोय. आल्ता तवा तव्याच्या बुडासारखा हुता."

त्यानं मला उचललं. आधी कमान बघितली. अक्षर पूर्ण होतं. मग कुंकू पुसून साल वाचलं. मग भिंतीला टेकून खाली बसला. ओरडला नाही. म्हणाला, हा तो रुपयाच न्हाई. फोटोतला वेगळा, पाठवलेला वेगळा.

मग त्यानं दोघांना समजावून सांगितलं. चुकीची वस्तू आली तर सात दिवसांत परत करता येते, पैसे साइटकडं अडकवलेले असतात, ते परत मिळतात. पण वस्तू आली तशी पाहिजे. घासलेला रुपया आला तसा राहत नाही. जाणकाराच्या लेखी त्याची किंमत अर्ध्याच्याही खाली जाते.

शिवकांताबाईंना हे पटणं शक्यच नव्हतं. "घाण दिल्ता त्यानं, आपण साफ करून द्यायलोत. उलट त्यानंच जास्ती द्यायला पायजे."

आप्पा तोवर दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, यात अवघड काय हाय? लिहून टाक, असाच आल्ता.

"खोटं लिहू?"

"त्यानं खरं केलं का? चोराला चोरी सांगायला तू कोण लागून गेलास?"

"मंग दुकानात बोर्ड कावून लावलाय, आप्पा?"

"बोर्ड गिऱ्हाइकासाठी असतो," आप्पा म्हणाले. आणि वर, "आपल्यासाठी न्हाई."

हे वाक्य मी विसरणार नाही. शंभरीला आलेल्या नाण्यानं सांगतो, जगात खोटी नाणी पाडणारे थोडे असतात. जास्त असतात ते असे, घरात बसून पोरांना खोटं शिकवणारे, आणि वर त्याला व्यवहार म्हणणारे. पोरगं बिघडलं म्हणून रडायलाही तेच पुढं.

संगमेश्वर उठला आणि पाकिटामागचा शिक्का वाचला. माजलगाव. त्याचं डोकं तिथं सटकलं. हैदराबाद म्हणून ज्याला पैसे पाठवले तो तासाभराच्या अंतरावर बसला होता.

सोमवारी सकाळच्या एस्टीनं मला खिशात घालून तो निघाला. शहादेवच्या दुकानात लाइट नव्हती. तो दारातल्या उजेडात बसून एका मोबाइलचं पोट उघडत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"रॉयल निजाम कॉइन्स तुमचंच का?"

शहादेवनं मान वर केली. "बोल ना."

"हैदराबादचे ना तुमी?"

"मावशी हाय तिकडं," शहादेव म्हणाला. त्याला यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

संगमेश्वरनं फोटोची छापील प्रत काढली आणि मला शेजारी ठेवलं. फोटोत तेराशे तीस, हा तेराशे सदतीस. फोटोत अक्षर अर्धं, ह्याच्यावर पूर्ण. शहादेव फोटोकडं बघत राहिला, कौतुकानं. मग म्हणाला, "तुला वाचता येतं व्हय ते? मला तर मुंग्या चालल्यावानी दिसतंय."

"वाचता येत न्हाई तर विकता कावून?"

"विकायला कशाला वाचाया लागतंय भाऊ? घेणारा वाचतो ना."

आणि मग त्यानं जे केलं त्याला काय म्हणावं ते मला अजून समजलेलं नाही. त्यानं भांडण केलंच नाही. साइटवर परत म्हणून दाब, मी हो म्हणतो, असं म्हणाला. एवढ्यासाठी एस्टीचं भाडं कावून घातलं, फोन करायचा होता. चहा घेणार का, तेही विचारलं. बोलता बोलता मला उचललं आणि न बघता बिस्किटांच्या डब्यात टाकलं. मी खण्णकन पडलो. काळ्या भावांच्यात मी एकटा पांढरा, कावळ्यांत बगळा बसावा तसा. आंधळ्यालाही कळलं असतं. पण शहादेव आंधळा नव्हता, त्यानं नुसतं बघितलं नव्हतं.

संगमेश्वरला हे सगळं दिसत होतं. पैसे परत मिळणार होते. पाडव्याला पाच दिवस होते. सरांचा रुपया दुसरीकडं शोधता आला असता, नाहीतर निदान आप्पांना म्हणता आलं असतं की बुडालो नाही, थोडी मुदत वाढवा. फक्त पायरी उतरून स्टँडवर जायचं होतं.

त्यानं विचारलं, "आता ह्या रुपयाचं काय करनार?"

"लातूरच्या एका मॅडमनं मागितलाय. उद्या टाकतो पोस्टात."

"त्याच फोटोवर?"

"चांगला आलाय की फोटो."

संगमेश्वर पायरी उतरला. चार पावलं गेला. मला डब्यातून त्याची पाठ दिसत होती. मग तो फिरला, परत आला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "तो आमच्या आईनं घासलाय. चिंचेनं. तुमी पाठवला तसा न्हाई राह्यला."

शहादेवनं चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यानं पोराकडं नीट बघितलं.

"मी इचारलं होतं का तुला?"

"न्हाई."

"मंग बोलला कावून बे?"

"तुमी बघितलंच न्हाई म्हणून," संगमेश्वर म्हणाला. "आमच्या घरात तुमच्यासारखे हायेत. मला अजून एक व्हायचं न्हाई. त्या लातूरच्या मॅडमला सांगनार का तुमी, घासलेला हाय म्हणून?"

आता मात्र शहादेव भडकला. त्याला राग आला तो खोटं पकडल्याचा नव्हे. कुणीतरी खरं सांगून त्याला विचार करायला लावला याचा. डब्यात हात घालून त्यानं मला बाहेर काढलं, उजेडात धरलं. इतक्या महिन्यांत त्यानं मला बघितलं ते त्या दिवशी. घासला तुमी, ठेवा तुमी, म्हणाला, आणि मला काउंटरवर सरकवलं. पैसे परत नाहीत. तक्रार करायची तर कर.

तक्रार केली. सिरसाळ्यातल्या इंटरनेटच्या दुकानात दोन तास लाइटची वाट बघून. साइटवर फॉर्म होता. चुकीची वस्तू मिळाली का? हो. वस्तू मिळाली त्याच स्थितीत आहे का? त्यानं नाही दाबलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, तक्रार बंद करण्यात आली आहे.

शहादेवनं त्याच्या नावापुढं शेरा टाकला: नाणं बदलून परत करणारं गिऱ्हाईक. तीन चांगल्या शेऱ्यांवर हा एक लाल. संगमेश्वरनंही शहादेवच्या नावापुढं लिहिलं, पण शिव्या दिल्या नाहीत. लिहिलं, फोटो एकच आहे, सगळ्यांना तोच दाखवतात, साल विचारून घ्या. ते लातूरच्या मॅडमनं वाचलं की नाही, मला माहीत नाही.

मग तो परळीला जाऊन बद्रीनाथ सरांना सगळं सांगून आला. सरांनी ऐकून घेतलं, मला भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, बाजारात असली चांदी ढिगानं पडलीय, अर्ध्या अक्षराचा मिळाला की ये. दुबार नाण्यांची पेटी त्यांनी उघडली नाही. खरं बोललास म्हणून पाठही थोपटली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शिवकांताबाईंनी मला मागितलं. मला वाटलं, पोरगं देणार नाही. पण त्यानं दिलं. म्हणाला, एवढं घासलंस ते ज्याच्यासाठी, ते तरी होऊ दे. बाईंनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या घरात कुणी विचारण्याची पद्धत नाही.

पाडव्याला संगमेश्वर गादीवर बसला. शब्द दिला होता. आप्पांनी नवी टोपी घातली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, पोरगं मार्गाला लागलं. पोरगं खाली मान घालून साखर मोजत होतं.

त्याला सात आठवडे झाले. मी आता एका कागदी पाकिटात राहतो, दुकानातल्या काचेच्या कपाटात, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी. पाकिटावर त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलंय: हाली रुपया, हिजरी १३३७. अक्षर पूर्ण. चिंच, राख व दंतमंजनाने घासलेला. डाव्या मिनारावर स्क्रूचा ओरखडा. कडेला डिंकाचा डाग. तेच शब्द साइटवर. किंमत चांदीपेक्षा थोडी वर.

आप्पांनी हे वाचून विचारलं होतं, असं लिहिल्यावर कुत्रं तरी घेईल का? पोरगं म्हणालं, ज्याला घासलेला चालतो तो घेईल. आप्पा म्हणाले, धंदा असा होत न्हाई. पोरगं म्हणालं, मंग न्हाई होणार. त्या दिवसापासून दोघं मोजकंच बोलतात, गिऱ्हाइकापुरतं.

तुम्ही म्हणाल, एका रुपयाला एवढं काय लागून राहिलंय? लागून राहिलंय. मी आयुष्यभर एका हातातून दुसऱ्या हातात गेलो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी कुणावर तरी विश्वास ठेवला म्हणूनच गेलो. तेवढीच माझी किंमत, बाकी चांदी. म्हणून विकणाऱ्यांना सांगतो, जो विकायचा त्याचाच फोटो काढा. कष्ट पडत असतील तर दुसरा धंदा बघा. घेणाऱ्यांना सांगतो, वर्णन शेवटपर्यंत वाचा, रुपयाला डिंक असतो का ते विचारा. आणि आयांनो, तुमची भक्ती खरी आहे, पण काळ्या रुपयाला चिंच लावू नका. लक्ष्मीला रंगाचं काही नसतं.

आज सकाळी जालन्याहून कुणीतरी साइटवर विचारलंय. घासलेला चालेल, पण ओरखडा नीट दिसू द्या, दोन्ही बाजूंचे उजेडातले फोटो पाठवा. सात आठवड्यांत आलेला हा पहिला माणूस. घेईल न घेईल, सांगता येत नाही.

संगमेश्वरनं उसना कॅमेरा आणलाय. मला पाकिटातून काढून काउंटरवर पांढऱ्या कागदावर ठेवलंय. दुकानात दोन बाया हरभऱ्याच्या डाळीसाठी ताटकळल्यात. दाराशी आप्पा उभे आहेत, नेमके उजेडाच्या आड, आणि त्यांची सावली माझ्यावर पडलीय.

"आप्पा, सरका जरा."

आप्पा बडबडले. ह्या नादापायी गिऱ्हाईक उभं हाय, म्हणाले. एका फुटक्या रुपयासाठी बापाला दारातून उठवतंय, म्हणाले. बायांनी मान हलवली. मग डाळीचं माप हातात घेऊन आप्पा स्वतःच आत वळले आणि डाळ मोजायला लागले.

सावली गेली. पोरानं फोटो काढला. माझा.